मैदान कुणाच्या मालकीचं?

रात्री नऊच्या सुमारास नालासोपारा पूर्वेला, तुळिंज, आचोळे किंवा संतोष भुवनच्या एखाद्या वन-आरकेमध्ये जेवणं उरकतात आणि घरातला थोरला मुलगा कानात इअरफोन घालून भिंतीला टेकून बसतो. अंगठ्यांवर पातळ कापडी टोप्या चढवलेल्या असतात. त्यांना थंब स्लीव्ह म्हणतात. घामाने बोट काचेवर अडकू नये म्हणून त्या घालायच्या. फोन आधीच पूर्ण चार्ज केलेला असतो, कारण चार्जर लावून खेळलं की फोन तापतो, आणि तापला की चित्र अडखळायला लागतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रूम आयडी आणि पासवर्ड येतो. चौघांचा स्क्वॉड आत शिरतो. असे सोळा संघ, चौसष्ट खेळाडू एकाच बेटावर उतरतात. हा सराव सामना. खेळणाऱ्यांच्या भाषेत, स्क्रिम.

बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती गोळीबारीच वाटते. पण या खेळाचं गुणांचं कोष्टक पाहिलं की त्यातली बुद्धी दिसते. पबजी मोबाईलचा भारतीय अवतार असलेल्या बीजीएमआयसारख्या खेळाच्या स्पर्धांत आता रूढ झालेल्या पद्धतीनुसार शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४, पाचव्याला ३, सहाव्याला २, सातव्या-आठव्याला एकेक आणि नवव्यापासून खाली शून्य. शिवाय प्रत्येक किलमागे एक गुण. म्हणजे लपून राहून चौथा नंबर काढायचा, की समोरच्या संघावर तुटून पडून चार किल मिळवायचे, याचा हिशेब संघाच्या कप्तानाला, ज्याला सगळे आयजीएल म्हणतात, काही सेकंदांत करावा लागतो. सुरक्षित वर्तुळ आकसत असतं, तीन दिशांनी पावलांचे आवाज येत असतात, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्हीवर मालिका पाहत असतं.

हा खेळ की वेळेची नासाडी, यावर घराघरांत वाद होतात. विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी मात्र गेल्या दोन-अडीच दशकांत या उद्योगाला अधिक खोलातले प्रश्न विचारले. यातून पैसा कसा निर्माण होतो? तो कुणाच्या हाती जातो? धोका कोण पत्करतं? त्यांची उत्तरं नालासोपाऱ्यातल्या त्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या थेट उपयोगाची आहेत.

कोरियातल्या मंदीतून उभा राहिलेला धंदा

व्हिडिओ गेमची पहिली नोंदली गेलेली स्पर्धा ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली. खेळ होता स्पेसवॉर आणि बक्षीस होतं 'रोलिंग स्टोन' मासिकाची वर्षभराची वर्गणी. १९८० मध्ये अटारी कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स'ची स्पर्धा भरवली तेव्हा १० हजारांहून अधिक लोक उतरले. पण या हौसेचा उद्योग झाला तो दक्षिण कोरियात.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले प्राध्यापक दाल याँग जिन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या उद्योगाची घडण उलगडून दाखवली. १९९७ च्या आर्थिक संकटात कोरियात नोकऱ्या गेल्या. सरकारने ब्रॉडबँडचं जाळं विणायला घेतलं. नोकरी गमावलेल्या अनेकांनी हाती आलेली पुंजी पीसी बँगमध्ये, म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या दुकानांत घातली. १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' हा खेळ आला आणि त्या दुकानांत तरुणांची रीघ लागली. २००० मध्ये सरकारच्या मान्यतेने केस्पा ही व्हिडिओ गेम स्पर्धांची संघटना स्थापन झाली, खेळांसाठी स्वतंत्र केबल वाहिनी सुरू झाली, मोठ्या कंपन्यांनी संघ पोसले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला सुमारे १ लाख प्रेक्षक जमल्याची नोंद आहे.

अभ्यासकही पाठोपाठ आले. मायकेल वॅग्नर यांनी २००६ मध्ये ईस्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेम, हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय का आहे, याची मांडणी केली. एमआयटीच्या टी. एल. टेलर यांचं २०१२ मधलं पुस्तक तर या क्षेत्रातलं पायाभूत काम मानलं जातं. त्या स्पर्धांच्या ठिकाणी गेल्या, खेळाडू, पंच, संघमालक, आयोजक यांच्यात वावरल्या आणि हौशी खेळाडूचा व्यावसायिक होताना काय काय बदलतं ते त्यांनी नोंदवलं. भारतात आदित्य देशबंधू यांनी सामान्य खेळाडूंच्या रोजच्या खेळण्यावर २०२० मध्ये पुस्तक लिहिलं, तर सौविक मुखर्जी यांनी २०२२ मध्ये भारतीय उपखंडातल्या व्हिडिओ गेमचा आढावा घेतला. नालासोपाऱ्यासारख्या उपनगरातल्या मुलाचं खेळणं आता विद्यापीठांच्या दृष्टीनेही गंभीर विषय झालं आहे.

कबड्डीला मालक नाही

फिनलंडचे संशोधक वेली-मत्ती कारहुलाहती यांनी २०१७ मध्ये एका निबंधात या उद्योगाच्या वर्मावर बोट ठेवलं. ईस्पोर्ट्सला इतर खेळांपासून वेगळं काढणारी गोष्ट संगणक किंवा मोबाईल नव्हे. वेगळी आहे ती मालकी. इथे खेळ स्वतःच कुणाची तरी खासगी मालमत्ता असतो. नियम त्या कंपनीचे, बेट तिचं, बंदुकाही तिच्याच. मनात आलं तर उद्या ती एखादी बंदूक कमजोर करू शकते, स्पर्धा थांबवू शकते, सर्व्हर बंद करू शकते.

हे कबड्डीशी ताडून पाहावं. कबड्डीचे नियम महाराष्ट्रातल्या संस्थांनी घोटून घोटून पक्के केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिकं दाखवली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली, कोट्यवधींचे सौदे झाले. तरी लीगचा मालक कबड्डीचा मालक झाला नाही. लीग उद्या बंद पडली तरी आचोळ्याच्या मैदानात चुन्याची रेघ ओढून सामना भरवायला कुणाची परवानगी लागत नाही. नालासोपाऱ्याला आणखी जवळचा दाखला नाचाचा आहे. सुरेश मुकुंद यांच्या हाताखाली तयार झालेल्या वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या मुलांच्या 'द किंग्ज' या गटाने २०१९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरची 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली आणि १० लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. त्यांच्या कसरतींचा आणि उड्यांचा हक्कही कुणा कंपनीकडे नव्हता.

कोरियात या मालकीचा तंटा कोर्टापर्यंत गेला. स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचं म्हणणं, खेळ आमचा, प्रक्षेपणाचे हक्कही आमचेच. केस्पाचा पवित्रा असा, की हा खेळ आता सार्वजनिक झाला आहे. २०१० मध्ये ब्लिझार्डने हक्क दुसऱ्याच वाहिनीला दिले आणि जुन्या वाहिन्यांवर दावे ठोकले. २०११ मध्ये तडजोड झाली. पण पुढच्या अनेक कंपन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि स्पर्धेची सूत्रं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातात ठेवली. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच ब्लिझार्डने 'हीरोज ऑफ द स्टॉर्म' या खेळाची व्यावसायिक लीग एका निवेदनाने गुंडाळली. त्या खेळावर पोट असलेले खेळाडू, समालोचक आणि प्रशिक्षक यांच्या हातचं काम गेलं.

पश्चिम रेल्वेच्या रुळांवरचा उद्योग

भारतात कोरियासारखी पीसी बँगची लाट आली नाही. सायबर कॅफेंत काउंटर-स्ट्राइक खेळणारी एक पिढी होऊन गेली, पण खेळ घरोघरी पोचला तो मोबाईलमुळे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला. संगणक घ्यायची ऐपत नसलेल्या घरातही एक स्मार्टफोन असतोच. २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार लोकसंख्या असलेल्या वसई-विरारसारख्या शहरात, जिथे मोकळी जागा दुर्मीळ आणि घरातले कर्ते लोक दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये, तिथे सहा इंची पडद्यावरचं हे मैदान मुलांना किती मोठं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

उद्योगाचं केंद्रही याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत आहे. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटा २ या खेळाची ईएसएल वन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बक्षीस होतं ३ लाख डॉलर. नितीश मित्तरसेन यांची मुंबईतली नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. स्पर्धा भरवणारी नॉडविन गेमिंग ही कंपनी तिच्याच पंखाखाली वाढली. डॉ. ऋषींद्र सिन्हा यांनी उभा केलेला मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स हा संघ २०२३ पासून 'व्हॅलरंट' या खेळाच्या पॅसिफिक लीगमध्ये सोलला जाऊन खेळू लागला. पण तिथे जागा मिळाली ती पात्रता फेऱ्या जिंकून नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये खेळाची मालक असलेल्या रायट गेम्सने अर्जांमधून जगभरातले ३० भागीदार संघ निवडले, त्यांत या संघाचं नाव होतं. दार कुणासाठी उघडायचं हे इथेही मालकानेच ठरवलं.

मैदान आपल्या हातात नसणं किती महागात पडू शकतं, हे भारतीय खेळाडूंइतकं कुणीच अनुभवलं नसेल. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने चीनशी संबंधित ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाईल होता. कोरियन कंपनी क्राफ्टनने २ जुलै २०२१ ला त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय आणला. १४ फेब्रुवारी २०२२ ला साध्या, स्वस्त फोनवर चालणारा गरेना फ्री फायर बंद झाला. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही ॲपच्या दुकानांतून हटवला गेला. त्याच्या काही दिवस आधीच त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ वर थेट दाखवली गेली होती. मे २०२३ मध्ये तो परतला, तोही आधी चाचणीच्या मुदतीवर. ज्या खेळाडूने या तीन वर्षांत कॉलेज अर्धवट सोडून स्क्रिम लावली, त्याचं मैदान दोनदा पायाखालून निघून गेलं. क्रिकेटचा चेंडू असा कधी रातोरात जप्त झालेला नाही.

बक्षीस वर, तळ कोरडा

अर्थशास्त्रात स्पर्धा-सिद्धांत नावाचा एक विचार आहे. एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. सगळ्यांनी जिवापाड मेहनत करावी असं वाटत असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात मोठी दरी ठेवा, असं त्याचं सार. डेनिस कोट्स आणि पीटर पार्शाकोव यांनी हा सिद्धांत ईस्पोर्ट्सच्या आकड्यांवर तपासला. वरच्या क्रमांकांकडे जाताना बक्षीस कसं झपाट्याने चढत जातं, ते त्यातून दिसलं. डोटा २ च्या २०२१ मधल्या जागतिक स्पर्धेत एकूण बक्षीस सुमारे ४ कोटी डॉलर होतं. त्यातले १ कोटी ८२ लाख एकट्या विजेत्या टीम स्पिरिटने नेले.

या बक्षिसाचा उगम आणखी बोलका आहे. प्रेक्षक आणि खेळाडू खेळात ज्या सजावटीच्या वस्तू विकत घेत, त्या विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात जाई आणि उरलेला पैसा कंपनी ठेवून घेई. पुढे कंपनीने विक्रीची पद्धत बदलली आणि २०२३ मध्ये त्याच स्पर्धेचं बक्षीस सुमारे ३२ लाख डॉलरवर आलं. खेळाडूंचं कसब तेच, खेळ तोच. बदलला तो मालकाचा निर्णय.

मग या धंद्यात नियमित कमाई कुणाची? जुहो हमारी आणि मॅक्स स्योब्लोम यांनी २०१७ मध्ये ८८८ प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. लोक हे सामने का पाहतात? खेळाची माहिती मिळावी, रोजच्या कटकटीतून सुटका व्हावी, काही नवं दिसावं आणि खेळाडूंची आक्रमकता पाहायला मिळावी, ही कारणं पुढे आली. पहिलं कारण फार महत्त्वाचं. पाहणारा स्वतःही खेळणारा असतो, शिकायला येतो. म्हणून समजावून सांगणाऱ्याला, गप्पा मारत खेळणाऱ्याला मागणी असते. टी. एल. टेलर यांनी २०१८ मधल्या दुसऱ्या पुस्तकात ऑनलाइन थेट प्रक्षेपण करणाऱ्यांच्या श्रमांचा अभ्यास केला, त्याचंही सूत्र हेच. प्रेक्षक टिकवणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि ते थकवणारं आहे.

मुंबई परिसरातलं ठळक उदाहरण 'मॉर्टल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमन माथूरचं. त्याच्या सोल संघाने २०१९ मध्ये पबजी मोबाईल इंडिया सिरीज जिंकली, त्याच वर्षी संघ बर्लिनच्या जागतिक अंतिम फेरीत खेळला. पण त्याचं नाव घराघरांत पोचलं ते यूट्यूबमुळे. अनिमेश अगरवाल आणि लोकेश जैन यांच्यासह त्याने उभारलेल्या एसएटयूएलला २०२२ मध्ये लास व्हेगासच्या ईस्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये पुरस्कार मिळाला, तो स्पर्धा जिंकल्याचा नव्हता, दर्जेदार आशय बनवणाऱ्या गटाचा होता. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी गेमिंगमधल्या सात जणांची भेट घेतली. त्यांत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ईस्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार असताना, हर्थस्टोन या खेळात कांस्य मिळवणारा भुजचा तीर्थ मेहता होता. आणि मिथिलेश पाटणकर, पायल धारे, अंशू बिष्ट हे होते, ज्यांची ओळख मुख्यतः व्हिडिओंमुळे आहे. थंब स्लीव्ह घालून बसलेल्या मुलाने दोन्ही वाटा नीट निरखायला हव्यात. नेम धरणं एक कला, तासन्‌तास लोकांशी बोलत राहणं वेगळी.

चोविशीची उतरण आणि मनगटाची कळ

सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या जोसेफ थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १६ ते ४४ वयाच्या ३ हजार ३०५ स्टारक्राफ्ट २ खेळाडूंच्या सामन्यांची नोंद तपासली. प्रतिसादाचा वेग वयाच्या चोविशीपासून घसरू लागतो, असं त्यांना आढळलं. मोठ्या वयाचे खेळाडू अनुभवाने ही तूट भरून काढतात हेही दिसलं. तरी आकडा विचार करायला लावणारा आहे. इतर मुलं ज्या वयात पहिली बरी नोकरी धरतात, त्या वयात इथे उतरण सुरू होते.

शरीराचा हिशेब २०१९ मधल्या एका अभ्यासात आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ८ विद्यापीठांतल्या ६५ खेळाडूंना विचारलं, तर ५६ टक्क्यांनी डोळ्यांच्या थकव्याची, ४२ टक्क्यांनी मान-पाठदुखीची, ३६ टक्क्यांनी मनगटाच्या दुखण्याची तक्रार केली. ४० टक्के जण कसलाच व्यायाम करत नव्हते. डॉक्टरकडे गेलेले होते फक्त २ टक्के. तिथे विद्यापीठाची खुर्ची-टेबलं तरी असतात. जमिनीवर भिंतीला टेकून, मान खाली घालून खेळणाऱ्याने याकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं.

आणि या मैदानात मुली कुठे आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे ५५ टक्के महिलांनीच स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं. मैदान म्हणजेच फोन असेल आणि तो भावाच्या खिशात असेल, तर बहीण संघनिवडीआधीच बाद होते. ज्या पोचतात त्यांना आवाज ओळखला जाताच शेरेबाजी ऐकावी लागते. जगभरच्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे.

कायद्याची नवी रेघ आणि कराराचा कागद

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ईस्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झाले. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ईस्पोर्ट्सला मात्र कायद्याने मान्यता दिली. त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत हवी. बक्षीस चालतं, आयोजनाचा खर्च भागवण्यापुरती प्रवेश फी चालते, पैज चालत नाही.

गल्लीतल्या स्पर्धांना हा फरक नीट कळायला हवा. सगळ्यांनी पन्नास-पन्नास रुपये टाकायचे आणि जमलेली रक्कम जिंकणाऱ्याने न्यायची, असा कस्टम रूमचा प्रकार या रेघेच्या चुकीच्या बाजूला पडतो. आयोजन करणारा कॉलेजकुमार नकळत अडचणीत येऊ शकतो.

खेळाडूच्या संरक्षणासाठी कोरियाने उचललेलं पाऊल आपल्या कामाचं आहे. २०१९ मध्ये तिथल्या एका अल्पवयीन लीग ऑफ लेजेंड्स खेळाडूवर संघाने अन्यायकारक करार लादल्याचं प्रकरण गाजलं. लोक चिडले, संसदेत विषय गेला, आणि २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारने ईस्पोर्ट्स खेळाडूंसाठी प्रमाणित करारनामे तयार केले. अल्पवयीनांसाठी वेगळा नमुना ठेवला.

नालासोपाऱ्यातल्या एखाद्या मुलाला संघाकडून बोलावणं आलं, की घरात आधी आनंद होतो, मग सह्यांचा कागद मोबाईलवरच पीडीएफ म्हणून येतो. तो आईवडिलांनी मुलाबरोबर बसून, जमल्यास ओळखीच्या वकिलाला दाखवून वाचायला हवा. मानधन किती आणि कोणत्या तारखेला? बक्षिसातला किती टक्के वाटा संघाचा? करार मुदतीआधी सोडायचा झाला तर भरपाई कुणी कुणाला द्यायची? मुलाने वाढवलेला यूट्यूब चॅनेल कुणाच्या नावावर राहणार? हाताला किंवा डोळ्याला दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? आणि २८ जुलै २०२२ सारखा दिवस पुन्हा उगवला, खेळच दुकानातून हटवला गेला, तर पुढच्या महिन्याचा पगार चालू राहणार की नाही, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.